लोखंडाशिवाय बेटकुळ्या

वाचकांचे प्रश्न : शरीर आणि व्यायाम

गेल्या अंकात याच सदरात मी लिहिले होते की, ज्या गावात व्यायामशाळा नाही तेथेही आपल्याच एका हाताने दुसऱ्या हाताला विरोध करून आणि मन त्या स्नायूवर एकाग्र करून शरीर कमावता येते. त्या चार ओळींवर रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या शंकांचा निम्मा भाग त्यातच येऊन जातो.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा असून दिवसभर केळीच्या बागेत कामाला असतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. गावात व्यायामशाळा नाही. तालुक्याला जाऊन येण्यात दीड तास जातो. माझी छाती न फुगवता ७७ सेंटिमीटर भरते, ७९ लागते. मोबाइलवर एका गृहस्थांनी सांगितले की, रोज अर्धा तास डोळे मिटून स्नायू वाढत असल्याचे चित्र मनात पाहिले तर वजने न उचलताही स्नायू वाढतात. हे खरे आहे का? आणि हाताने हाताला विरोध करण्याचा व्यायाम नेमका कसा करावा, सर?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : त्या गृहस्थांनी दोन वेगळी जनावरे एकाच दाव्याला बांधली आहेत. स्नायूची ताकद ही एक गोष्ट आहे आणि स्नायूचा आकार ही दुसरी. कल्पनेने पहिली वाढते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. पण तेवढ्यावरून दुसरीही वाढते असे म्हणणे म्हणजे बाजार मनातल्या मनात करून पिशवी भरल्याचे सांगणे होय.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात युए आणि कोल या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग करंगळीवरचा होता. करंगळी बाजूला ढकलण्याचा व्यायाम एका गटाने चार आठवडे प्रत्यक्ष केला, दुसऱ्या गटाने तो फक्त मनात केला. प्रत्यक्ष करणाऱ्यांची त्या बोटाची ताकद ३० टक्क्यांनी वाढली आणि मनात करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी. पुढे २००४ मध्ये क्लीव्हलँड येथील संशोधकांनी हाच विचार बारा आठवडे ताणून पाहिला. रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस केवळ कल्पना करणाऱ्यांची करंगळीची ताकद ३५ टक्क्यांनी वाढली. कोपर दुमडण्याची कल्पना करणाऱ्यांची वाढ मात्र १३.५ टक्क्यांवर थांबली. करंगळीचा प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांनी ५३ टक्क्यांपर्यंत मजल मारली.

या आकड्यांकडे नीट पाहिले की खरी गोम कळते. करंगळी बाजूला ढकलण्याचे काम आपण आयुष्यात क्वचितच जोर लावून करतो, त्यामुळे त्या स्नायूला हुकूम देण्याची मेंदूची सवय कच्ची असते आणि नुसत्या सरावाने ती बरीच सुधारते. कोपर तर आपण उठल्यापासून निजेपर्यंत वाकवत असतो. तेथे हुकूम आधीच पक्का असल्यामुळे सुधारणेला जागा कमी उरते. तुम्ही दिवसभर केळीचे घड वाहता. तुमच्या दंडांना आणि खांद्यांना मेंदूचे हुकूम पाळण्याची सवय माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, तेव्हा नुसत्या कल्पनेतून तुम्हाला मिळणारा लाभ आणखी थोडा असेल.

मांस भरण्याचा मार्ग वेगळा आहे. स्नायूच्या तंतूंवर प्रत्यक्ष ताण पडावा लागतो, तो ताण पुरेसा जोराचा आणि थकवा येईपर्यंत टिकणारा असावा लागतो, आणि त्यानंतर अन्नातील प्रथिने व झोप मिळाली म्हणजे तंतू जाड होतात. डोळे मिटून बसल्याने ताण पडत नाही. म्हणून छातीवरची टेप कल्पनेने दोन सेंटिमीटर पुढे सरकणार नाही.

मात्र तो ताण लोखंडानेच दिला पाहिजे असे मुळीच नाही. आपल्याला ओढणारी वस्तू डंबेल आहे की आपलाच दुसरा तळवा आहे, हे स्नायूच्या तंतूला कळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक व्यक्तीचा एक हात जड वजनाने कोपर दुमडण्याचा व्यायाम करी आणि दुसरा हात रिकामा असताना, केवळ स्नायू जास्तीत जास्त आवळून, तेवढीच हालचाल करी. सहा आठवड्यांनी दोन्ही दंडांच्या स्नायूंची जाडी जवळजवळ सारखीच वाढली होती; एका झटक्यात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद मात्र वजन उचलणाऱ्या हातातच अधिक आली. मनाचे खरे काम येथे सुरू होते. रिकामा हात पूर्ण जोराने आवळणे ही गोष्ट लक्ष विचलित झालेल्या माणसाला जमत नाही. डोळ्यांसमोर घडाचे ओझे आणून, ते खरोखरच खांद्यावर घेत असल्याप्रमाणे छाती आणि दंड आवळले, तर ती कल्पना ताणाला जन्म देते. नुसती कल्पना आणि कल्पनेसह आवळणे यांत एवढेच, पण एवढे मोठे अंतर आहे.

आता या पद्धतीतील खोट सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. डंबेलवर किलो लिहिलेले असतात. आपल्या तळव्यावर काहीच लिहिलेले नसते. आमच्या शेजारच्या एका मुलाला मी गेल्या उन्हाळ्यात अंगणात उभे केले, जाड दोरीचे एक टोक त्याच्या पायाखाली दाबले, दुसऱ्या टोकाला धान्य तोलायचा आकड्याचा ताणकाटा अडकवला आणि काट्याची कडी त्याच्या हातात दिली. काट्याची तबकडी माझ्या बाजूला होती. त्याने दात-ओठ खाऊन दंड वर खेचला तेव्हा काटा अकरा किलोवर होता, आणि तोच मुलगा शपथेवर सांगत होता की याहून अधिक जोर त्याच्यात नाही. तबकडी त्याच्याकडे फिरवली, तर पुढच्याच खेपेला त्याने सोळा दाखवले. त्यानंतर दहाव्या खेपेला काटा नऊवर आला होता, तरी चेहरा पहिल्याइतकाच लाल होता. चेहऱ्यावरून जोर मोजता येत नाही, हे मी क्रीडाशिक्षक म्हणून इतकी वर्षे काढल्यावर त्या दिवशी नीट शिकलो. तुमच्या घरी असा काटा असेल तर आठवड्यातून एकदा तो अवश्य वापरा. नसेल तर स्प्रिंगचा, माणसाचे वजन करण्याचा साधा काटा छातीसमोर दोन तळव्यांच्या मध्ये धरून दाबला, तरी किती किलोंचा दाब पडतो ते दिसते.

प्रत्यक्ष कृती अशी करा. उजव्या हाताची मूठ वळून कोपर शरीराशी टेकवा, डाव्या तळव्याने उजवे मनगट वरून धरा आणि उजवा हात खांद्याकडे न्यायला सुरुवात करा. डाव्याने त्याला एवढाच विरोध करा की वर जायला चार सेकंद लागतील. वर पोहोचल्यावर डाव्याने तो खाली दाबावा आणि उजव्याने अडवत अडवत, पुन्हा चार सेकंदांत, माघार घ्यावी. माघार घेताना स्नायू पुढे जातानापेक्षा अधिक भार पेलू शकतो, म्हणून खाली येताना डाव्या हाताने दाब वाढवला पाहिजे. बहुतेकांची नेमकी येथेच ढिलाई होते. अशा दहा खेपा झाल्या की हात बदला. छातीसाठी दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून, तो दाब न सोडता, जोडलेले हात हळूहळू डावीकडे आणि मग उजवीकडे न्या. पाठीसाठी दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी एकमेकांत अडकवून बाहेरच्या दिशेने ओढा, किंवा पंचा पायाच्या तळव्याखाली घेऊन दोन्ही टोके कमरेकडे खेचा. हालचाल न करता नुसते दाबून धरण्याचा प्रकार करायचा असेल, तर तो तीन वेगवेगळ्या कोनांत करा, कारण एकाच कोनात धरून कमावलेली ताकद मुख्यतः त्या कोनाच्या आसपासच उपयोगी पडते. पायांना दुसऱ्या पायाचा विरोध पुरत नाही. तेथे बैठकाच हव्यात, आणि त्या सोप्या वाटू लागल्या की खांबाला धरून एका पायावरच्या.

छातीच्या मापासाठी मात्र मी तुम्हाला तळव्यांच्या दाबापेक्षा साध्या दंडांवर, म्हणजे जोर मारण्यावर, अधिक विसंबायला सांगेन. दंड मारताना आपल्या शरीराच्या वजनाचा मोठा भाग हातांवर येतो, तो फसवत नाही आणि तो मोजता येतो. एक दिवसाआड, सूर्य वर येण्यापूर्वी, आधी दंड थकवा येईपर्यंत मारावेत आणि मग वरील प्रकारांच्या प्रत्येकी दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात. दिवसभर घड वाहून आल्यावर संध्याकाळी हाच व्यायाम केला तर थकलेले शरीर अर्धाच जोर लावते आणि आपल्याला तो पूर्ण वाटतो. टेप दर रविवारी सकाळी, एकाच जागी, श्वास सहज सोडून लावा. दोन महिन्यांच्या आत निकालाची घाई करू नका. भरतीत छाती फुगवून ५ सेंटिमीटर वाढावी लागते, त्यासाठी खोल श्वासाचा सराव निराळा करावा.

भरतीतल्या गोळाफेकीसाठी कल्पनेचा उपयोग अधिक मोकळेपणाने करता येईल. रात्री निजण्यापूर्वी गोळा मानेशी टेकवण्यापासून बोटांच्या टोकांवरून सुटेपर्यंतची फेक मनात पाच-सहा वेळा करून पाहा. पडद्यावर दुसऱ्याला पाहिल्यासारखी नव्हे, तर आपल्याच शरीरातून, पायाखालची माती आणि मनगटावरचा भार जाणवेल अशी. पण ७.२६ किलोंचा खरा गोळा आठवड्यातून तीन दिवस फेकावाच लागेल. जो गोळा हाताने पेललेला नाही, त्याची कल्पनाही धड करता येत नाही.

प्रश्न : मी जुना पहिलवान आहे. आमचे वस्ताद जोर मारताना बोलू देत नसत. ‘ध्यान दंडात ठेव’ असे म्हणत. आता जे नवे म्हणून सांगितले जाते ते आमच्या आखाड्यातलेच नव्हे का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : आबा, तुमच्या वस्तादांच्या म्हणण्याला आता मोजमापाचा आधार मिळाला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आठ आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाला ‘स्नायू आवळण्याकडे लक्ष द्या’ असे सांगितले होते आणि दुसऱ्याला ‘वजन वर नेण्याकडे लक्ष द्या’ असे. पहिल्या गटाच्या दंडाची जाडी १२.४ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची ६.९ टक्क्यांनी. मांडीच्या बाबतीत मात्र दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे दंडापुरते वस्ताद बरोबर होते. बैठका मारताना बोलू दिले असते तरी फारसे बिघडले नसते.

हे सारे फक्त आपलेच, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्या नावावरून आपण आजही सँडो बनियन म्हणतो, तो युजेन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन शक्तीचे प्रयोग करून गेला. हलकी डंबेल्स घ्या आणि मन स्नायूत ओता, अशी त्याची लोकांना शिकवण होती. त्याची स्वतःची ताकद मात्र अवजड लोखंड उचलून आलेली होती. लोकांना विकले एक आणि स्वतः केले दुसरे, हा या धंद्यातील जुना रिवाज आहे. ऑस्ट्रियात जन्मलेला मॅक्सिक एकेक स्नायू स्वतंत्रपणे आवळून दाखवी आणि तेच शिकवी. इटलीहून लहानपणी अमेरिकेत गेलेल्या अँजेलो सिसिलियानो याने चार्ल्स अ‍ॅटलस असे नाव घेऊन, स्वतःच्याच शरीराला विरोध करण्याची पद्धत टपालाने जगभर विकली. १९२२ मध्ये ‘सर्वांत परिपूर्ण शरीराचा पुरुष’ हा किताब त्याने जिंकला होता आणि त्याच्या अभ्यासक्रमाचा धंदा १९२९ पासून जोरात चालू लागला. तळवे एकमेकांवर दाबण्याचे वेड आमच्या पिढीतील मुलांना अशाच जाहिरातींनी लावले. मीही कॉलेजात असताना असा एक टपाली अभ्यासक्रम मागवला होता. त्यातील व्यायाम बरे होते, पण किती जोर लावायचा हे त्यातील एकाही पत्रकात लिहिलेले नव्हते.

प्रश्न : मी रेल्वेत नोकरीला आहे. पडल्यामुळे उजवे मनगट मोडले असून प्लास्टर आहे. ते काढल्यावर हात अगदी वाळून गेलेला असेल अशी धास्ती वाटते. तोवर मनाने काही करता येईल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : केवळ कल्पनेचा व्यायाम ज्यांनी खरोखर करावा, त्यांत तुम्ही पहिले. ओहायो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांची मनगटे चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवली होती. नुसते बसून राहिलेल्यांची मनगटाची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. आठवड्यातून पाच दिवस, मनगट जोराने वाकवत असल्याची कल्पना करणाऱ्यांची घट सुमारे २४ टक्क्यांवर राहिली. त्यांची हाडे मोडलेली नव्हती, हे ध्यानात ठेवा; पण मेंदूचा स्नायूशी असलेला राबता तुटू नये, हा हेतू तुमच्याही बाबतीत तोच आहे. शांत बसून, मूठ पूर्ण जोराने आवळत असल्याची कल्पना पाच सेकंद करा, पाच सेकंद विसावा घ्या, आणि अशी दहा-पंधरा मिनिटे काढा. ही कल्पना करताना प्लास्टरच्या आत प्रत्यक्ष जोर लावू नका; तशी परवानगी तुमच्या अस्थितज्ज्ञांनी दिली तरच लावा. हात थोडा वाळेलच, कारण मांस टिकवणे कल्पनेच्या आवाक्यातले नाही. बोटे मोकळी असतील तर ती हलवण्याविषयीही त्यांनाच विचारा.

प्रश्न : माझे वय अठ्ठावन्न असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरच्या घरी हाताने हाताला विरोध करण्याचा व्यायाम मी केला तर चालेल का?
– एक वाचिका, धुळे

उत्तर : ताई, चालेल, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून आणि श्वास न कोंडता. जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो आणि त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने चढतो. धोका मुख्यतः त्या कोंडलेल्या श्वासाचा असतो. त्यावर माझा एकच उपाय आहे : दाबताना मोठ्याने आकडे मोजा. घरातील माणसे हसली तरी हसू द्या, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. जोर पूर्ण लावू नका. पूर्ण ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा पुरे. तेवढ्या जोराने मूठ दोन मिनिटे आवळून धरणे, मध्ये विसावा घेऊन असे चार वेळा करणे, आणि आठवड्यातून तीन दिवस हा क्रम काही आठवडे चालवणे यामुळे विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब थोडा उतरतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण तेवढ्यावरून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. छातीत दाटून आले, डोके जड झाले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, तर जोराचे प्रकार वर्ज्यच समजा.

प्रश्न : आमच्याकडे केळी भरपूर आहेत. रोज डझनभर खाल्ली तर अंग भरेल का? प्रथिनांची महागडी पावडर घेणे परवडत नाही.
– एक वाचक, यावल

उत्तर : केळ्याने काम करायला ऊर्जा मिळते आणि वजनही वाढेल, पण १०० ग्रॅम केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात असे भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेचे प्रमाण आहे. अंग कमावणाऱ्याने ते दीड ग्रॅमच्या पुढे न्यावे. पावडरीवाचून हे साधते. कळण्याच्या भाकरीत ज्वारीची उणीव उडीद भरून काढतो आणि उडदाची ज्वारी, त्यामुळे दोघांची प्रथिने एकत्र अधिक कामी येतात. तिच्याबरोबर डाळ, मूठभर शेंगदाणे, दोन वेळा दूध किंवा दही, आणि चालत असतील तर अंडी घ्या. प्रत्येक अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. भरीत-भाकरीवर ताव मारणे हे आपल्याकडे अंग भरण्याचे लक्षण मानले जाते, पण वांग्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. ताटातला कळणाच तेथे तारतो.

प्रश्न : हे व्यायाम आरशासमोर करावेत की डोळे मिटून?
– एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : पहिले दोन-तीन आठवडे आरशासमोर करा, कारण कोपर पुढे सरकते आणि खांदा कानाकडे चढतो ते आतून कळत नाही. हालचाल बसल्यावर डोळे मिटून करा, म्हणजे लक्ष बेटकुळीच्या दिसण्यावरून तिच्या आवळण्यावर येईल. बेटकुळी किती वर आली हे मित्राला दाखवायचे असेल, तर व्यायाम संपल्यावर लगेच दाखवा. तेव्हा दंडात रक्त भरलेले असल्यामुळे ती अर्ध्या तासापुरती मोठी दिसते. माप मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.